गाडीतला पंच



वकिलांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलं आहे. फौजदारी बाजूला काम करताना मला 42 वर्षं झाली. प्रलंबित खटले, न्यायाधीशांची रिक्त पदं, पावसाळ्यात गळणाऱ्या बार रूम हे विषय या व्यासपीठावरून दरवर्षी मांडले गेले आणि ते आजही सुटलेले नाहीत. तरीही आजचा सगळा वेळ मी एका छोट्या वस्तूसाठी मागतो आहे. पोलिसांच्या गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी.

सुरुवात मात्र एका चहाच्या टपरीपासून करतो. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी दारूबंदीच्या एका केसमध्ये मी पंचाची उलटतपासणी घेत होतो. त्याची टपरी पोलीस ठाण्याच्या समोरच होती. सही कुठे केलीत, असं विचारलं तर म्हणाला, ठाण्यात. आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात, असं विचारलं तर म्हणाला, मोजल्या नाहीत साहेब. तो माणूस खोटारडा नव्हता. टपरी रस्त्याच्या कडेला होती, ती राहू द्यायची की उठवायची हे ज्यांच्या हातात होतं, तेच कागद घेऊन त्याच्यापुढे उभे राहत. माझा अशील निर्दोष सुटला. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मनाला समाधान नव्हतं. दारू खरोखर सापडली होती की नाही, हे मला कळलं नव्हतं, सरकारी वकिलांना कळलं नव्हतं आणि निकाल देणाऱ्यांनाही कळलं नव्हतं.

गाडीतला कॅमेरा हा असाच एक पंच आहे. तेव्हा पंचाला विचारायचे प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. तुला कोणी बोलावलं? तू पूर्ण वेळ हजर होतास का? तुझी सही कोणाच्या ताब्यात राहिली?

अमेरिकेत हे प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षं विचारले जात आहेत, म्हणून तिथलं थोडं सविस्तर सांगतो. तिथल्या गस्तीच्या गाडीत समोरच्या काचेपाशी कॅमेरा असतो. छतावरचा दिवा लागला की चित्रण आपोआप सुरू होतं, आणि बहुतेक यंत्रणा त्याआधीचे काही सेकंदही राखून ठेवतात. आवाजासाठी मात्र पोलिसाच्या अंगावर वेगळा माइक असतो. तो गाडीवरच्या अँटेनामार्फत आवाज पोचवतो. हा तपशील लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

कॅमेरे आले तेव्हा तिथल्या पोलिसांना ती स्वतःवरची पाळत वाटली. पण पोलीस प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2004 साली केलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. ज्या तक्रारींत चित्रण उपलब्ध होतं, त्यांपैकी 93 टक्के तक्रारींत पोलीस निर्दोष ठरले होते. आज समोर बसलेल्या पोलीस अधिकाऱ्यांनी हा आकडा जरूर नोंदवून घ्यावा. सरकारी नोकरावर हल्ला केल्याचा, म्हणजे जुन्या 353 चा, आताच्या 132 चा गुन्हा नोंदवणारा शिपाई कोर्टात एकटा उभा असतो. सकाळी नाकाबंदी, दुपारी बंदोबस्त, रात्री गस्त करून तो साक्षीला आलेला असतो, आणि बचाव पक्षाचा वकील म्हणून मीच त्याला तासभर खोटं ठरवत असतो. मार खाल्लेल्या प्रामाणिक शिपायाला कॅमेऱ्याची गरज माझ्या अशिलाइतकीच आहे.

आता एक प्रसंग सांगतो. तो आपल्यापैकी अनेकांच्या घरापर्यंत येऊन पोचतो. 6 फेब्रुवारी 2015. अलाबामा राज्यातलं मॅडिसन नावाचं शहर. गुजरातमधून मुलाकडे आलेले 57 वर्षांचे एक गृहस्थ सकाळी घराजवळ फेरी मारत होते. लहान नातवाला सांभाळायला म्हणून ते गेले होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की, एक कृष्णवर्णीय माणूस घरं न्याहाळत फिरतो आहे. पोलीस आले. या गृहस्थांना इंग्रजी येत नव्हतं, तेवढं त्यांनी कसंबसं सांगितलं. पुढच्या काही क्षणांत एका पोलिसाने त्यांना हात मागे धरून जमिनीवर आपटलं. पाठीच्या कण्याला इजा होऊन त्यांच्या अंगातली ताकद गेली. आज या मंडपात असे आईवडील नक्की असतील, जे सहा महिने पुण्यात आणि सहा महिने न्यू जर्सीत काढतात. हातात पिशवी, अंगात स्वेटर घालून अनोळखी गल्लीत सकाळी चालायला निघतात. मी ती चित्रफीत पाहिली तेव्हा मला माझे थोरले बंधू दिसले.

हे सगळं पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलं होतं. चित्रण होतं म्हणूनच काही दिवसांत त्या पोलिसावर गुन्हा दाखल झाला आणि राज्याच्या गव्हर्नरांनी भारत सरकारची माफी मागितली. चित्रण नसतं तर म्हातारा माणूस घसरून पडला, एवढीच नोंद कागदावर राहिली असती, असं मला वाटतं. पण पुढे काय झालं? संघीय न्यायालयात खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्यूरींचं एकमत झालं नाही, आणि जानेवारी 2016 मध्ये न्यायाधीशांनी आरोपीला दोषमुक्त केलं. तीच चित्रफीत सरकार पक्षाने दाखवली आणि बचाव पक्षानेही दाखवली. एकाला त्यात निःशस्त्र म्हातारा दिसला, दुसऱ्याला हात सोडवून घेऊ पाहणारा संशयित दिसला.

हे नवीन नव्हतं. 2007 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जॉर्जिया राज्यातल्या एका पाठलागाचं प्रकरण आलं. पोलिसाने भरधाव पळणाऱ्या मोटारीला मागून धडक दिली आणि 19 वर्षांच्या चालकाला कायमचं अपंगत्व आलं. गाडीतलं चित्रण पाहून आठ न्यायमूर्तींनी निकाल पोलिसाच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकाल लिहिला. चित्रफीत स्वतःच बोलते, असा त्यांचा रोख होता, आणि ती न्यायालयाच्या संकेतस्थळावरही ठेवली गेली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तीच फीत पाहिली आणि एकट्याने विरोधी मत लिहिलं. मग डॅन काहान आणि त्यांच्या दोन सहकारी अभ्यासकांनी ती फीत सुमारे 1350 अमेरिकन माणसांना दाखवली. बहुसंख्यांना न्यायालयाचं पटलं. पण वंश, उत्पन्न, राजकीय विचार यांप्रमाणे माणसांचं दिसणंच बदलत होतं. ज्यांनी आयुष्यात पोलिसांची गाडी मदतीला आलेली पाहिली, त्यांना एक दिसतं. ज्यांच्या वस्तीत ती गाडी शिरली की पोरं पळतात, त्यांना दुसरं दिसतं.

आपल्याकडे पारधी वस्तीत जाऊन, पोलिसांची गाडी आली की काय दिसतं, हे विचारून पाहा. 1871 च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांचा तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला. पहाटे वस्तीबाहेर जीप थांबते, तेव्हा तो पुसलेला नसतो. त्या वस्तीतल्या माणसाला कॅमेरा हवा का, असं विचारलं तर तो आधी विचारणार, त्याचं तोंड कोणीकडे आहे? काचेवरचा कॅमेरा पोलीस जिकडे बघतात तिकडेच बघतो. त्यात माझा अशील दिसतो, त्याच्याशी बोलणारा पोलीस बहुधा पाठमोरा असतो किंवा चौकटीबाहेर असतो. या शंकेला मी अडाणीपणा मानत नाही.

आता फीत कोणाच्या ताब्यात राहते, या प्रश्नासाठी शिकागो. 20 ऑक्टोबर 2014 च्या रात्री 17 वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलावर पोलिसाने 16 गोळ्या झाडल्या. मुलाच्या हातात छोटा चाकू होता. तो अंगावर आला, असं पोलिसांनी कागदावर लिहिलं. गाडीतल्या कॅमेऱ्यात मात्र तो बाजूला चालत जाताना दिसत होता. एप्रिल 2015 मध्ये, खटला दाखल होण्याआधीच, शहराने कुटुंबाला 50 लाख डॉलर मंजूर केले. चित्रफीत तरीही बाहेर आली नाही. एका मुक्त पत्रकाराने माहिती अधिकाराखाली कोर्टात धाव घेतली, न्यायाधीशांनी आदेश दिला आणि 24 नोव्हेंबर 2015 रोजी ती लोकांनी पाहिली. गोळीबार करणाऱ्यावर खुनाचा आरोप त्याच दिवशी ठेवला गेला. मधे 13 महिने गेले होते. पंचाने पहिल्याच रात्री सगळं खरं पाहिलं होतं. त्याला 13 महिने कपाटात बसवून ठेवलं.

शिवाय त्या फितीला आवाजच नव्हता. मग चौकशी झाली तेव्हा शिकागोच्या गाड्यांतले 80 टक्के कॅमेरे आवाज टिपत नव्हते असं आढळलं, आणि त्यामागे यंत्र वापरणाऱ्यांच्या चुकाही होत्या आणि काही ठिकाणी मुद्दाम केलेली मोडतोडही. मघाशी अँटेना लक्षात ठेवायला सांगितली होती. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातल्या एका पोलीस विभागात 2014 साली सुमारे 80 गाड्यांपैकी निम्म्या गाड्यांच्या अँटेना काढून टाकलेल्या सापडल्या.

मित्रहो, हे दूरचं वाटत असेल तर मुंब्रा बायपासपर्यंत चला. 23 सप्टेंबर 2024 च्या संध्याकाळी बदलापूरला लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणातल्या आरोपीला तळोजा कारागृहातून नेलं जात होतं. वाटेत पोलीस व्हॅनमध्येच गोळी लागून तो मेला. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असं पोलिसांचं म्हणणं. आई-वडील उच्च न्यायालयात गेले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं, त्या अहवालावरही वाद झाला, मग विशेष तपास पथकाचा आदेश झाला. खरं-खोटं ठरवणं हे न्यायालयाचं काम आहे आणि मी त्यात पडत नाही. त्या लहान मुलींवर जे गुदरलं त्याने मीही रात्र-रात्र झोपलो नव्हतो. त्या संध्याकाळी लोकांनी मिठाई वाटली, हेही मला माहीत आहे. पण वकील म्हणून मला एवढंच दिसतं की, चालत्या व्हॅनमधून जिवंत उतरलेला प्रत्येक साक्षीदार पोलीस होता, आणि आत काय घडलं ते दाखवणारी फीत लोकांपुढे आली नाही. पोलिसांचं म्हणणं खरं असेल तर एका कॅमेऱ्याने त्यांची त्याच रात्री सुटका केली असती. खोटं असेल तर तेही त्याच रात्री कळलं असतं. आपण मात्र हाताचे ठसे, गोळीचा कोन आणि अंतर यांवर महिनोन्‌महिने युक्तिवाद ऐकत बसलो.

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. त्यात जागांची यादीच आहे. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, स्वच्छतागृहाची बाहेरची बाजू, ठाण्याची मागची बाजूसुद्धा. रात्री दिसलं पाहिजे, आवाज आला पाहिजे, चित्रण 18 महिने जपलं पाहिजे. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली आहे. तिच्यात पोलिसांची गाडी नाही. अटक झाल्यापासून ठाण्यापर्यंत, ठाण्यातून दवाखान्यात, कारागृहातून कोर्टात जाईपर्यंत माणूस ज्या लोखंडी पेटीत बसलेला असतो, ती पेटी आपल्या कोणाच्याच नजरेत नाही. कैदी पार्टीची रवानगी स्टेशन डायरीत लिहिली जाते, परत आल्याची आमदही लिहिली जाते. मधला प्रवास कोणी लिहीत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचं चित्रण बंधनकारक केलं. त्या कलमातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे, ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आहे. म्हणजे पंचाची सही ठाण्याच्या कपाटात राहत नाही. हाच नियम गाडीलाही लागू व्हावा.

तरुण वकिलांना एक कामाची गोष्ट सांगतो. पहिल्याच रिमांडच्या तारखेला चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्या. ठाण्याचं, रस्त्यावरच्या खांबांचं, टोल नाक्याचं, असेल तर गाडीचं. यंत्रातली जागा भरली की जुन्यावर नवीन चित्रण चढतं, आणि सहा महिन्यांनी दिलेल्या अर्जाला ‘उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं. असं उत्तर मी स्वतः एका केसमध्ये घेतलं आहे. उशीर माझा होता, आणि त्याची किंमत माझ्या अशिलाने मोजली. पेन ड्राइव्ह मिळाला तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि चित्रण तुमच्या विरोधात असेल तेव्हाही ते पूर्ण मागा.

काही भगिनींनी कालच्या चर्चासत्रात एक हरकत घेतली, ती मला मान्य आहे. नवऱ्याने मारलेली बाई 112 ला फोन करते, गाडी दारात येते, आणि तिचं सुजलेलं तोंड कॅमेऱ्यात येतं. ते उद्या गावभर मोबाइलवर फिरलं तर ती पुन्हा फोन करणार नाही. चित्रण कोणी बाहेर काढलं याची नोंद राहिली पाहिजे, आणि बेकायदा बाहेर काढणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे.

आता आजच्या सभेपुढच्या ठरावाकडे वळतो. कार्यकारिणीने तयार केलेल्या मसुद्यात मी चार ओळी घातल्या आहेत. आरोपी किंवा बंदी नेणाऱ्या प्रत्येक पोलीस वाहनात, आतल्या बाजूलाही, आवाजासह कॅमेरा असावा. तो बंद पडला तर किती वाजता आणि का, याची नोंद त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांना जावी. वाहनात मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास मूळ चित्रण 24 तासांत जिल्हा न्यायालयाच्या ताब्यात द्यावं. नातेवाइकांना आणि संबंधित पोलिसांना, दोघांनाही, ते एकाच दिवशी पाहायला मिळावं.

सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदनासाठी या वर्षी सनद मिळालेल्या एखाद्या वकिलाने पुढे यावं अशी माझी विनंती आहे. माइक खालीच ठेवला आहे.