कोंवळें वय आणि व्यसन



कोंवळ्या वयाचा मुलगा व्यसनी झालेला दिसला, कीं आपण त्याच्या संगतीला दोष देतों आणि मोकळे होतों. संगतीचा दोष मी नाकारीत नाहीं; परंतु ती संगत त्याला कोणीं लाविली, एवढाच प्रश्न मला आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आरंभ स्वतःपासूनच करतों. शिक्षकाची नोकरी नवी असतांना मला तंबाखूची संवय होती. मधल्या सुटींत सहावीच्या वर्गांतील एका चुणचुणीत मुलाच्या हातीं पैसे देऊन मी समोरच्या टपरीवरून पुडी आणवीत असें. गुरुजींचें काम म्हणून तो धांवत जाई. दोन वर्षांनीं त्याच्याच दप्तरांत पुडी सांपडली. मुख्याध्यापकांनीं मला विचारिलें, "याला काय शिक्षा करावी?" मजजवळ उत्तर नव्हतें. त्या वर्षीं मीं तंबाखू सोडली. मुलानें मात्र शाळा सोडली.

२०१९ सालच्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणांत आपल्या देशांतील १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ विद्यार्थी तंबाखूचें सेवन करणारे आढळले. तंबाखू खाणाऱ्यांपैकीं निम्म्यांनीं तरी दहावा वाढदिवस येण्यापूर्वींच तिची चव घेतली होती. एवढ्या लहान मुलाला व्यसन शोधीत फिरण्याची बुद्धि नसते. तें त्याच्या घरांत आणि गल्लींत आधींच येऊन बसलेलें असतें.

आमच्या दिंडोशींत डोंगरउतारावर झोपड्या आहेत, मध्यें म्हाडाच्या इमारती आहेत, आणि हमरस्त्याच्या अंगास उंच मनोरे आहेत. झोपडींतील आईबाप दोघेंही कामावर जातात. खोली एक, माणसें पांच-सहा. शाळा सुटल्यावर मुलानें बसावें कोठें? तो टपरीच्या फळीपाशीं बसतो. सिगारेटचें पाकीट त्याला झेपत नाहीं. सुटी सिगारेट झेपते. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर आणि २०२० सालीं सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली; तरी टपरीवरचा हा सुटा व्यवहार थांबलेला नाहीं. पुढें लग्नाच्या जेवणावळींत वाढपी म्हणून किंवा गाड्या धुऊन पहिली कमाई हातीं येते. तिच्याबरोबर मोठ्या माणसांशीं बरोबरी करण्याची हौस येते, आणि ती भागविण्याचें सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक झुरका किंवा एक घोट.

स्वस्त घोटाची खरी किंमत रेल्वेच्या पलीकडील मालवणीनें जून २०१५ मध्यें मोजली. मिथेनॉल मिसळलेल्या दारूनें तेथें शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बहुतेक मोलमजुरी करणारीं होतीं. घरचा कर्ता गेला, कीं मुलाची शाळा प्रथम संकटांत येते, आणि तोही त्याच अकाली कमाईच्या वाटेला लागतो.

सुशिक्षित घरांनीं हें केवळ झोपडपट्टीचें दुखणें समजूं नये. मनोऱ्यांतील मुलाला पैशाची अडचण नसते. पाहुण्यांपुढें कपाटांतील बाटली किती सन्मानानें निघते, हें तो लहानपणापासून पाहतो. वडिलांच्या हातांतील पेला आणि वडिलांचा उपदेश यांपैकीं मूल कशाचें अनुकरण करील, हें मीं सांगावयास नको.

कायदा अपुरा नाहीं. १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आंत ती विकणें २००३ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. मुलाच्या हातीं दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यानें ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे. परंतु पुडी आणावयास पाठविणारा बाप, काका किंवा गुरुजी आपणांस अपराधी मानीतच नाहीं.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या व्यसनाची वस्तु आणावयास मुलाला कधींही पाठवूं नका. ज्यांच्या घरीं बसावयास जागा नाहीं, अशा मुलांसाठीं सायंकाळीं शाळेचा एखादा वर्ग किंवा सोसायटीची एखादी खोली उघडी ठेवा. आणि ज्याच्या दप्तरांत पुडी सांपडेल, त्याला शाळेबाहेर घालवूं नका. शाळा तुटली, कीं टपरी हीच त्याची शाळा होते. माझ्या त्या विद्यार्थ्याचें असेंच झालें, आणि त्याला तिकडची वाट मींच दाखविली होती.