सही आधी की तपासणी आधी?

घाटकोपरला वीज अदानीची, मुलुंडला आणि गावाकडे महावितरणची; पण नवं मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. वायरिंग करतो एक, सही करतो भलताच. आम्ही गटाच्या शिलाई मशीन बसवताना ठरवलं, न पाहता केलेली सही घ्यायची नाही. ठेकेदाराला जागेवरच बोलावलं. भिंतीतली वायर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी मेन बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासली. निदान १ मेगाओहम हवाच. मग अर्थिंग पाहिलं. एका मशीनच्या प्लगला अर्थची वायर जोडलेलीच नव्हती! ती जोडली, तेव्हाच सही झाली. शॉक कागदाला बसत नाही, मशीनवरच्या बाईला बसतो. म्हणून आधी तपासणी मागा, मग सही.