मधुमेहींची नेत्रतपासणी : आरंभ गावच्या दवाखान्यात



ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे घणसोली गाव एके काळी भातशेतीवर आणि खाडीतील मासेमारीवर जगत होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या आणि चिखलात राबणारी शरीरे हळूहळू खुर्चीवर स्थिरावली. शहराबरोबर सोयी आल्या, तसा मधुमेहही आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत.

या विकाराचा सर्वांत कपटी घाव डोळ्यावर होतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्याच्या, सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल होऊन पाझरू लागतात. पुढे तेथे नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. बराच काळ डोळा दुखत नाही, लालही होत नाही. भिंतीवरचा तक्ता रुग्ण शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवितो. अंधुक दिसू लागले, तरी ‘मोतीबिंदू असेल, पिकू द्या’ असे म्हणण्यात घरचे लोक वर्ष घालवितात. लेसर किरणांनी गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील चाचणीने १९७६ मध्येच दाखविले. आता डोळ्यात द्यावयाची इंजेक्शनेही आहेत. परंतु हे उपाय मुख्यतः उरलेली दृष्टी राखतात. गेलेली बहुधा परत येत नाही.

नेत्रतज्ज्ञाकडे रुग्ण जातो तो दिसेनासे झाल्यावर. गोळ्यांसाठी गावच्या डॉक्टरांकडे मात्र तो दरमहा येतो. म्हणून पहिली जबाबदारी याच दवाखान्यावर येते. देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढील मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांत हा विकार आढळला. या हिशेबाने असे ऐंशी रुग्ण असलेल्या डॉक्टरांच्या यादीत दहा जण तरी असावयाचे!

मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्याने दोनशेहून अधिक मधुमेहींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेण्यात आली व संगणकीय प्रणालीने ती तपासली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तज्ज्ञाकडे धाडण्याजोगा एकही रुग्ण निसटला नाही. काही निरोगी लोकांना मात्र विनाकारण हेलपाटा पडला असता. एवढी किंमत परवडणारी आहे. इंग्लंडने २००३ पासून अशी तपासणी सर्वत्र सुरू केली आणि २००९-१० पर्यंत तेथील कमावत्या वयातील अंधत्वाच्या कारणांत या विकाराचे पहिले स्थान गेले.

कॅमेरा नसला, तरी केसपेपर असतोच. शेवटची नेत्रतपासणी कधी झाली, ही तारीख त्यावर साखरेच्या आकड्याशेजारी लिहिली जावी. प्रौढ वयातील नेहमीच्या मधुमेहात निदान होताच तपासणी हवी, कारण विकार आधीपासूनच मुरलेला असू शकतो. त्यानंतर ती दरवर्षी व्हावी. बालवयात किंवा तरुणपणी जडणाऱ्या, इन्सुलिनवाचून न भागणाऱ्या मधुमेहात ती पाच वर्षांच्या आत सुरू करावी. मधुमेही स्त्रीस दिवस राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांतच डोळे पाहिले पाहिजेत.

घणसोलीकरांना महापालिकेचे रुग्णालय शेजारच्या ऐरोलीतच आहे. तेथे जाताना साखरेचे व रक्तदाबाचे कागद बरोबर न्यावेत. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, ऊन सोसवत नाही. तेव्हा सोबत घरचे कोणी असावे आणि स्कूटर घरीच ठेवावी.