परसातले हरियाल

कबूतर म्हटलं की आज आपल्याला आधी बाल्कनीची जाळी आठवते. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 साली मुंबईत केवढा वाद झाला, तो आपण सगळ्यांनी ऐकला. पण ते पारवे. माणसानं टाकलेल्या दाण्यांची सवय झालेले, इमारतीच्या कोनाड्यात अंडी घालणारे. मी आज त्यांच्या एका लाजऱ्या भाऊबंदाबद्दल बोलणार आहे. हा झाडावरच्या फळांवर जगतो, जमिनीवर क्वचितच उतरतो आणि माणसाची चाहूल लागली की जागच्या जागी थिजतो. त्याचं नाव हरियाल. कुठे कुठे त्याला हरोळी म्हणतात. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी. पण शाळेच्या पुस्तकाबाहेर तो पाहिलेली माणसं मला फार थोडी भेटली.

सिल्वासात आमच्या परसाच्या भिंतीला लागून एक पिंपळ आहे. दादरा आणि नगर हवेलीचं क्षेत्रफळ सगळं मिळून 491 चौरस किलोमीटर, आणि त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग अजूनही जंगलाखाली आहे. कारखान्यांच्या शेड संपतात न संपतात तोच साग आणि खैर सुरू होतात. त्यामुळे रानातल्या पक्ष्याला गाव लांब नाही. फक्त फळाचं झाड हवं. पिंपळावर मुंजा असतो म्हणतात, म्हणून आमच्या पिंपळाला कोणी कुऱ्हाड लावली नाही. त्या समजुतीनं झाड वाचलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पहिला हरियाल मला कानांनी सापडला. शेजारच्या पत्र्यावर सकाळपासून टप, टप असं काहीतरी पडत होतं. मी मान वर करून पानापानांत शोधत होतो. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एक वारली आजी टोपली टेकून म्हणाल्या, "वर कशाला बघतोस? आधी खाली बघ." खाली पिंपळाची जांभळी फळं पडली होती, अर्धी टोचलेली, ओली. मग त्यांच्या सरळ वर पाहिलं. तरी मला दहा मिनिटं काही दिसलं नाही.

पिंपळाचं पान वारा नसतानाही हलत असतं. सगळं झाड थरथरत होतं आणि त्यात एक हिरवा तुकडा मात्र हलत नव्हता. तोच हरियाल. एक दिसला आणि मग त्याच फांदीवर दुसरा, तिसरा, असे अकरा मोजले. तेव्हापासून मी पिंपळात पक्षी शोधत नाही, न हलणारं हिरवं शोधतो.

जवळून पाहिलात तर हा पक्षी नुसता हिरवा नाही. डोकं राखाडी, मान आणि छाती पिवळसर हिरवी, खांद्याजवळ फिक्या जांभळ्या रंगाचा डाग, पंखावर पिवळी रेघ. डोळ्याचं बुबुळ निळसर आणि त्याभोवती गुलाबी कडं. पाय तर हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. फळ फांदीच्या टोकाला असेल तर हा चक्क उलटा लोंबकळून ते तोडतो. आवाज पारव्यासारखा घुमणारा नाही. गोड, लांबवलेली शीळ असते.

हे सगळं फोटोत यावं, अशी माझी फार इच्छा होती. पहिले आठ दिवस हाती काही लागलं नाही. मी खिडकीचं दार उघडलं की पंखांचा फडफडाट व्हायचा आणि झाड रिकामं. मग एक गोष्ट लक्षात आली. बायको रोज सकाळी परसात कपडे वाळत घालते, तेव्हा पक्षी उडत नाहीत. त्यांना भीती माणसाची नव्हती, अचानकपणाची होती. मी तिच्याकडून एक जुनी सुती साडी मागून घेतली आणि ती दोरीवर कायमची टांगली. लेन्सपुरतं भोक पाडलं, मागे स्टूल ठेवलं, आणि चार दिवस तिकडे फिरकलोच नाही. पाचव्या दिवशी अंधारात जाऊन बसलो. कॅमेऱ्याचे सगळे आवाज बंद केले.

हिवाळ्याचे दिवस होते. हरियाल थंडीत सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर उन्हाला बसतात. पलीकडच्या निष्पर्ण सावरीवर ते एकेक करून आले, पिसं फुलवून बसले. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. त्या दिवशी मला हवा तो फोटो मिळाला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी पाऊण तास त्यांच्यासमोर होतो आणि त्यांची सकाळ बिघडली नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला जड जातं. पुढच्या मे महिन्यात आमच्या आंब्यावर एका जोडीनं घरटं केलं. घरटं कसलं, चार काटक्यांची चाळण; खालून पाहिलं तर दोन पांढरी अंडी दिसत होती. मी गच्चीवरून वाकून तीन फोटो काढले. अंड्यांवर बसलेला पक्षी उडाला. पाव तासात कावळा आला आणि दोन्ही अंडी गेली. ते फोटो फार सुंदर होते. मी ते पुसून टाकले.

माणसाच्या हातून तर अख्खी जात संपू शकते. अमेरिकेत एके काळी रानकबुतरांचे थवे आकाश झाकून टाकत. 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीचा शेवटचा पक्षी मेला. बंदुका आणि तोडलेली जंगलं यांनी ते थवे संपवले. आपल्याकडे हरियालाची मांसासाठी पुष्कळ शिकार होत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिच्यावर बंदी आली. पण वड, पिंपळ, उंबर तुटले तर कायदा त्याला काय खायला घालणार? रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड याच झाडांवर पडते.

म्हणून श्रोतेहो, तुमच्या परसात, सोसायटीच्या मागे, शाळेच्या कुंपणाला असं झाड असेल तर ते राखा. फोटो जरूर काढा, पण मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याच्या वेळेला तो येईल, तोवर बसून राहा. आणि घरटं दिसलं, तर कॅमेरा खाली ठेवा आणि तिथून निघून या.