तीनदा विणलेले टॉवेल

मी सोलापूरचाच. बीटेक झालं, काही वर्षं पुण्यात काढली, आता इथल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आज आमचीच एक चूक सांगतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. एका हॉटेलची ऑर्डर आली, 300 टॉवेल, कडेला हॉटेलचं नाव विणलेलं. ऑफिसातल्या ताईंनी ऑर्डर भरली, ‘सेव्ह’ दाबलं आणि नेट रखडलं. स्क्रीनवर आलं, ‘समथिंग वेंट राँग’. ताईंनी परत दाबलं. मग अजून एकदा. खरं तर ऑर्डर तिन्ही वेळा पोहोचली होती. परत येत नव्हतं ते फक्त उत्तर.

तीन नंबर पडले, तीन स्लिपा निघाल्या, जॉबरनं तीन मागांवर माल लावला. झाले 900 टॉवेल! साधे असते तर खपले असते हो. नाव विणलेले कोण घेणार? मजुरी नगावर, ती विणकरांना मिळाली, मिळायलाच हवी होती. सूत-रंगाचा खर्च मात्र मालकांच्या अंगावर पडला.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी जुनं कार्बनचं ऑर्डर बुक माझ्यासमोर ठेवलं. प्रत्येक पानावर नंबर आधीच छापलेला. कितीही वेळा गिरवा, नंबर तोच. आमचा सर्व्हर नंबर द्यायचा ‘सेव्ह’ झाल्यावर, म्हणून प्रत्येक दाबणं म्हणजे नवी ऑर्डर. याला ‘आयडेम्पोटन्सी’ नव्हती म्हणतात. शब्द मला पाठ होता, पण कळला त्या बुकामुळे.

आता फॉर्म उघडतानाच नंबर पडतो. तोच नंबर पुन्हा आला की सर्व्हर पहिलीच ऑर्डर दाखवतो. कोड दोन दिवसांत झाला. मेसेजला जास्त वेळ गेला. यूपीआयवर ‘पेंडिंग’ बघता ना? ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ यांच्या मधली तिसरी अवस्था. आम्ही ती सरळ ‘एरर’ म्हणून दाखवत होतो. शेवटी वाक्य ताईंनीच सांगितलं: ‘ऑर्डर पोचली का ते अजून कळलं नाही. परत दाबा, दुसरी होणार नाही.’

जॉबरला त्या वेळी शंका आली होती म्हणे. पण विचारायचं कुणाला? स्लिपेवर नुसता नंबर. आता त्याच पार्टीच्या मागच्या ऑर्डरीही तिथे छापतो, आणि ताईंचा फोन नंबर.

उरलेल्यातले दोन टॉवेल माझ्या घरी आहेत. पैसे देऊन घेतलेत.