दुकान मांडताना
(जिल्हा बैठकीतील भाषण)



जिल्ह्याच्या गावी आपलं ज्वारीचं दुकान काढायचं ठरलं. गाळा दहा बाय बाराचा. पैसा मोजका, तोही तुमच्या कापसाच्या पट्टीतून आलेला. काही जण म्हणतात, दर्शनी भागाला काच लावू, रंगीत दिवे सोडू, शहरातलं गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. आम्हाला ते पटत नाही. एकदा ठेच खाल्ली आहे.

मागं आम्ही असंच एक दुकान मांडलं होतं. दारातच आडवा टेबल, त्याच्या मागं पोती. अडत्याच्या पेढीवर जन्म गेला, दुसरी मांडणी ठाऊक कुठं होती! गिऱ्हाईक पायरीवरून भाव विचारायचं आणि चालू लागायचं. वर्षभरात कुलूप लागलं. लोकांचे पैसे बुडाले ते बुडालेच.

म्हणून या वेळी टेबल मागच्या भिंतीला. तिथवर वाट मोकळी. वाटेच्या कडेला कमरेच्या उंचीवर टोपल्या: मालदांडी, दगडी, ज्वारीचा रवा. माउलीनं दाणा मुठीत घ्यावा, दाताखाली फोडून बघावा. रंगीत उजेडात दाण्याचा खरा रंग कळत नाही. साधा पांढरा दिवा पुरे. आणि काच? गाळ्याचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारचं ऊन थेट करडईच्या तेलावर येईल, तेल खवट होईल.

पिठाचं मात्र नीट ऐका. ज्वारीच्या दाण्यातल्या अंकुरात तेल असतं. दळलं की त्याला हवा लागते आणि पीठ दिवसेंदिवस कडवट होत जातं. तेव्हा पिठाच्या पुड्यांची थप्पी नको. दाणा साठवायचा, गिऱ्हाईकासमोर दळून द्यायचा. चक्की मागच्या खोलीत, मध्ये काचेची बंद खिडकी. काच लावायचीच तर तिथं लावा! दळण दिसतं आणि पिठाची धूळ पलीकडंच राहते.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. ओल जमिनीतून चढते, उंदीर भिंतीच्या कडेनं पळतो. पोत्यामागं झाडू फिरला पाहिजे. अन्न परवान्याचा क्रमांक दिसेल असा टांगायचा.

दाराशी शेगडी आणि तवा. संध्याकाळी गरम भाकरी, वर ठेचा, चवीपुरता तुकडा फुकट. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा ज्वारीचे गुणगान पुष्कळ झालं. पण गुणगानानं कुणाचं पोत विकलं जात नाही, भाकरीच्या वासानं विकलं जाईल.

रविवारी चुना मारायचा आहे. ज्यांच्या घरी जुन्या फळ्या पडून आहेत, त्यांनी जाण्याआधी नाव सांगावं. भाकऱ्या कोण थापणार, ते मायबहिणींनी आजच ठरवावं. आणि त्याची मजुरी ठरल्याशिवाय उठू नये.