मधोमध ‘गुणोत्तर’ लिहा





आज पदवी घेणारे तुम्ही कुठल्याही शाखेचे असा, मी तुमच्याशी गणिताविषयी बोलणार आहे. आपल्याला गणित शिकवलं गेलं ते सुटं सुटं. गुणोत्तराचा धडा एका वर्षी, त्रिकोणमिती दुसऱ्या वर्षी, विकलन त्याच्याही पुढे. परीक्षा झाली की धडा मिटला. हे धडे एकमेकांतून निघतात, ही गोष्ट मात्र राहून गेली. गणिताची भीती बसते ती बहुधा इथेच.

ती घालवायला माइंड मॅपचा मोठा उपयोग होतो. टोनी बुझान यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. कोरा कागद आडवा धरा, पुस्तक मिटून ठेवा आणि मधोमध ‘गुणोत्तर’ लिहा. आता आठवेल तशा फांद्या काढा : शेकडेवारी, व्याजाचा दर, नकाशाचं प्रमाण, रेषेचा चढ, त्रिकोणातलं साइन. प्रत्येक रेघेवर ‘हे त्यातून कसं निघालं’ तेही लिहा. चढ म्हणजे उभ्या अंतराला आडव्या अंतराने भागणं. तेच आडवं अंतर लहान लहान करत गेलं की विकलन. जिथे रेघेवर काही लिहिता येत नाही, तिथे आपलं शिकणं अपुरं आहे. तेवढंच पुन्हा वाचायचं. आणि प्रत्येक फांदीवर एक तरी उदाहरण सोडवायचं. नुसत्या रंगीत चित्राने गणित येत नाही.

या कागदावर आपला हिंगोली जिल्हाही काढता येतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा हिशेब मांडू : शंभर क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली की साधारण वीस क्विंटल हाती येते असं धरा. मग वाळलेल्या हळदीचा भाव ओलीच्या पाचपटीहून जास्त हवा, आणि वरच्या फरकातून शिजवणी, वाळवणी, मजुरी निघायला हवी. तरच वाळवणं परवडतं. हे गुणोत्तर ज्या घरात मांडता येतं, त्या घराला ‘परवडेल का’ हे विचारायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

त्याच कागदावर दुसरी फांदी औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला जाते. तिथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे; एप्रिल २०२३मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची. लहर गेली की भुजेची लांबी किंचित बदलते. त्या बदलाला मूळ लांबीने भागायचं, म्हणजे पुन्हा गुणोत्तरच! १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली लहर टिपली गेली, तेव्हा हे गुणोत्तर साधारण एक भागिले एकावर एकवीस शून्यं इतकं होतं. चार किलोमीटरमधला तो फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान. एवढा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याचं गणित विकसित करणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर अग्रभागी होते. आइन्स्टाइन यांनी या लहरींचं भाकीत १९१६ साली केलं, तेही कागदावरच्या गणितातून.

बाजार समितीतला हिशेब आणि विश्वाचा वेध एकाच शब्दापासून निघतात. म्हणून गणित शिकायचं. ज्याला हे दुवे दिसतात, त्याला फसवणं अवघड आणि त्याचं कुतूहल संपवणं त्याहून अवघड.

तुमच्यातले कित्येक जण शिक्षक होतील. वर्गातल्या मुलांना तयार माइंड मॅप देऊ नका. त्यांचा त्यांना काढू द्या, चुकू द्या, रेघेवर ‘का’ लिहायला लावा. जे शेती, व्यापार, नोकरी करतील, त्यांनी घरातल्या लेकराबरोबर आठवड्यातून एकदा असा कागद घेऊन बसावं. दुधाळ्याच्या वेधशाळेत काम करणारे शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ सेनगाव, कळमनुरी, वसमतच्या शाळांतूनही यावेत, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. ते घडवणं आता तुमच्या हाती आहे.